चेअरमन आणि मधली वायर

आमच्या चेअरमननी आयुष्यात कुणाला साधं 'हो' म्हटल्याचं मला आठवत नाही. ते 'मंजूर' म्हणायचे. काकूंनी चहा टाकू का विचारलं की मंजूर, नातवाने पाठीवर बसू का विचारलं की मंजूर. काकूंनी माहेरी जायचं काढलं की मात्र 'हा विषय पत्रिकेवर न्हाई.' गावच्या विकास सोसायटीची खुर्ची जाऊन किती वर्षं झाली होती, पण घर अजून सभेसारखंच चालायचं.

मी गावचा केबलवाला. मांडवगणच्या पुढे, भीमेच्या काठाला आमचं गाव. सगळ्यांच्या छपरांवरून माझ्या वायरी गेलेल्या, त्यामुळे कुणाचं कुणाशी बिनसलंय हे पोलीस पाटलाच्या आधी मला कळायचं. भावकीत भांडण झालं की पहिली कोयती माझ्या वायरीवर पडायची. वायरीने कुणाचं काय घोडं मारलं होतं देव जाणे!

चेअरमन आणि त्यांचे धाकटे भाऊ आप्पा यांची घरं भिंतीला भिंत लावून. दोघं एका चुलीवर जेवत होते तेव्हा मी एकच कनेक्शन दिलं, भिंतीला भोक पाडलं आणि वायर पलीकडे आप्पांच्या टीव्हीला जोडली. पुढे सोसायटीची निवडणूक झाली. चेअरमन एका मताने पडले, आणि ते मत आप्पांनी फिरवलं असं त्यांच्या मनाने घेतलं. बोलणं बंद झालं. नळ वेगळा झाला, अंगणात पत्रे उभे राहिले, देवीचा नैवेद्यसुद्धा दोन ताटांतून जाऊ लागला. भोकातली वायर मात्र कुणी तोडली नाही. मी एकदा आगाऊपणा करून विचारलं, तर चेअरमन म्हणाले, वायर केबलवाल्याची, तिच्यावर या घराला बोलायचा अधिकार नाही. पलीकडे गेलो तर आप्पाही जवळजवळ तेच म्हणाले.

मग सरकारने केबल डिजिटल करायचं काढलं. प्रत्येक टीव्हीला डबा, डब्यात कार्ड. डबा नसेल त्याच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. गावाने मला शिव्या घालत का होईना डबे घेतले. चेअरमन मात्र पेटले. डब्यातल्या कार्डावरून आपण काय बघतो ते दिल्लीला कळतं, असं पारावर सांगत सुटले. मी म्हटलं, कळू द्या की, तुम्ही कुस्त्या बघता हे कळून दिल्ली काय करणार? त्यावर, शत्रूला माहिती पुरवायची नसते, असं उत्तर मिळालं.

ग्रामसभेत त्यांनी ठराव मांडला की हे गाव डिजिटल होणार नाही. भिंतीवर 'डिजिटल ग्रामपंचायत' असा हा मोठा बोर्ड, आणि बरोबर त्याच्याखाली उभं राहून. अनुमोदन कोण देतंय, असं विचारल्यावर सभा चिडीचूप. मग मागच्या रांगेतून एकच हात वर झाला. आप्पांचा! चेअरमननी तो पाहिला, लगेच पंख्याकडे नजर लावली आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "सभेतनं एक हात आलाय. लिवून घ्या." ठराव कुठे पाठवायचा असं ग्रामसेवकाने विचारलं तेव्हा म्हणाले, ज्यानं दिल्लीत बसून आमचं चित्र बंद करायचं बटण दाबलंय त्याला.

त्याच ठरावाची प्रत घेऊन ते शिरूरला तहसील कचेरीत गेले, माझ्याच मोटरसायकलवर. म्हणजे माझ्या धंद्याच्या विरोधातलं निवेदन द्यायला मीच ड्रायव्हर! साहेबांनी चहा पाजला आणि हे आपल्या हातात नाही असं सांगितलं. मग कुणाच्या हातात आहे, हे तिथे कुणालाच सांगता येईना. परत येताना मागून चेअरमनचा आवाज आला, "केबल, डबा बसला म्हंजी मधली वायर काढावी लागंल?"

मी म्हटलं, हो, आप्पांना त्यांचा वेगळा डबा बसेल.

"आन् भोक?"

"बुजवायचं. नाहीतर विंचू शिरतील."

दिल्ली, कार्ड, शत्रू हे सगळं कशासाठी चाललं होतं ते मला तेव्हा कळलं. दोन घरांत तेवढंच एक उरलं होतं आणि ते तोडायला मी निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी नियम गुंडाळून ठेवले. डबा चेअरमनकडे बसवला आणि डब्याच्या मागून लांब वायर काढून त्याच भोकातून आप्पांच्या टीव्हीला नेली. अडचण एकच. डबा एक, रिमोट एक, म्हणजे चेअरमन लावतील तेच दोन्ही घरांत दिसणार. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, तसं ते चेअरमन झाले त्या दिवशीही मी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. आप्पांची सून मालिका बघत असली की ऐन रडारडीत पैलवान लंगोट कसून हजर. आप्पा मला फोन करायचे, त्या घराला सांग, सातला बातम्या लागल्या पाहिजेत. मी जाऊन सांगायचो. तोंडी अर्ज चालत नाही, असं चेअरमन ठणकावायचे आणि सात वाजायच्या आत बातम्या लावून बसायचे. सोसायटीच्या पुढच्या निवडणुकीत आप्पा ज्या पॅनेलमध्ये होते त्याने गुलाल उधळला, त्या दिवशी चेअरमननी सकाळपासून साड्या विकणारं चॅनल लावलं. पलीकडे शिक्षा म्हणून, पण अलीकडे स्वतःलाही बघावं लागलं. काकूंनी दोन साड्या पसंत केल्या.

एका हिवाळ्यात चेअरमनच्या छातीत दुखायला लागलं. नदीपलीकडे दौंडला दवाखान्यात ठेवलं. जाताना रिमोट बंडीच्या खिशात घालून गेले. इकडे दोन्ही घरांत गुडघ्याचं तेल विकणारा बाबा अडकून बसला. आप्पांचा फोन आला, "मला दौंडला ने. रिमोट आणायचाय." मी म्हटलं, आप्पा, माझ्याकडे रिमोटांनी भरलेला खण आहे, आत्ता आणून देतो. ते म्हणाले, "त्यो चालणार न्हाई."

खाटेपाशी उभं राहून आप्पा म्हणाले, "दादा, रिमोट दे."

चेअरमननी स्टुलाकडे बोट केलं. आप्पा बसले. मग चेअरमन हळूच म्हणाले, "आप्पा, तवा मत त्यांनाच दिलंवतंस ना?"

"कुणालाच न्हाई दिलं. लाईट आली व्हती. मोटर चालू कराया रानात गेलो, तिकडंच अडकलो."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलंस कवा?"

मला दोघांच्याही कानाखाली काढावीशी वाटली, वयाचा मान म्हणून हात आवरला. चेअरमन हसायला लागले. इतके हसले की सिस्टर धावत आली. मग टॉवेलने डोळे पुसत राहिले, आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं. आप्पा संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. निघताना चेअरमननी रिमोट त्यांच्या हातात ठेवला.

चेअरमन घरी आले नाहीत. त्याच आठवड्यात गेले.

दहावा झाल्यावर मी एक नवा डबा घेऊन आप्पांकडे गेलो. म्हटलं, आता कशाला कुणाच्या रिमोटवर राहायचं, हा तुमचा वेगळा बसवतो. आप्पांनी डब्याला हातसुद्धा लावला नाही.

"रिमोट वैनीला दिऊन आलोय," ते म्हणाले. "त्या लावतील ते बघीन मी."