मावसांचे ओपार्लेर

आमच्या मावसांइतकं कान देऊन ऐकणारा माणूस अख्ख्या मॉरिशसमध्ये झाला नाही, आणि त्यांच्याइतकं कुणाचंही न ऐकणारा माणूसही झाला नाही. मावशी घसा फोडून जेवायला बोलवायची ते त्यांच्या कानावर जायचं नाही, पण शेजारच्या रेडिओतला कागदी भोंगा एका कोपऱ्यात फाटलाय हे त्यांना कुंपणाच्या अलीकडून कळायचं. मग हातातली करवतही खाली न ठेवता ते तडक शेजारी जायचे आणि म्हणायचे, "तुज्या रेडिओला जखम झाली हाय." करवत हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? शेजारी मुकाट्यानं रेडिओ उघडून दाखवायचा, आणि जखम असायचीच. ती चिकटवून परत येईपर्यंत घरातलं जेवण निवून जायचं, आणि मावशीचं डोकं तापलेलं असायचं.

मी मूळची सें पिएरची. सत्तरच्या दशकात व्हाकोआच्या एका कचेरीत मला टायपिस्टची नोकरी लागली म्हणून मी मावशीकडे राहायला गेले, आणि लग्न होऊन क्वात्र बॉर्नला जाईपर्यंत तिथेच राहिले. मावसा सरकारी गोदामात कारकून होते. ते काम त्यांनी कसं केलं देव जाणे, कारण त्यांचं सारं चित्त घरामागच्या पत्र्याच्या खोपटात असायचं. तिथे ते आणि त्यांची एकुलती एक लेक रुक्मी मिळून लाऊडस्पीकर बनवत. मावसा त्याला आमच्याकडच्या क्रेओल बोलीप्रमाणे ओपार्लेर म्हणत. मोडक्या रेडिओग्राममधून भोंगे काढायचे, फाटलेले कागद पातळ कागद लावून सांधायचे, चहाच्या पेट्यांच्या फळ्या कापून त्यांचे बॉक्स करायचे, असा उद्योग चाले. रुक्मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिचा हात बॉक्सच्या भोकातून आत जायचा, म्हणून तिला भागीदारी मिळाली. पुढे हात मोठा झाला तेव्हा ती तिनं डोक्याच्या जोरावर टिकवली. बापलेकीचं भांडण तर रोजचं. फळी जाड हवी की पातळ, आत कापूस किती भरायचा, यावर दोघं जेवणाच्या पाटावरही हमरीतुमरीवर येत. बॉक्समध्ये आवाज घुमू नये म्हणून भरायचा तो कापूस मावशीच्या उशांमधून येत असल्यामुळे तिसरा पक्षही या भांडणात आपोआप ओढला जाई. "आयो, माज्या उश्या!" हे त्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य असेल. मी तिथे असेपर्यंत आम्ही सगळे जवळजवळ सपाटच झोपत होतो.

व्हाकोआत निम्मं वर्ष पाऊस पडतो आणि उरलेलं निम्मं वर्ष तो पडायच्या तयारीत असतो. ओल आली की भोंग्याचा कागद मऊ पडतो आणि आवाज बसतो. त्यामुळे थंडीच्या दिवसांत चुलीजवळची ऊबदार जागा भोंग्यांची, आणि आम्ही माणसं पलीकडे कुडकुडत. एकदा रुक्मीला ताप आला म्हणून मावशीनं धड अशी जाड गोधडी शोधली, तर ती दोन बॉक्सांनी पांघरलेली. मावशी काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मावसांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुजा आवाज वरच्या पट्टीत फाटतो गो, खाली बोल."

वस्तू दिसली की ती बोटाच्या पेरानं ठोकून बघायची, ही त्यांची खोड साऱ्या पंचक्रोशीला माहीत होती. ते फणस ठोकत, कपाटं ठोकत, मला बघायला आलेल्या मंडळींच्या मोटारीचं दारही त्यांनी ठोकून पाहिलं. कोपऱ्यावरचे ख्रिस्ती म्हातारबुवा गेले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो होतो. सगळे माना खाली घालून उभे, आणि त्या शांततेत टक टक आवाज आला. मावसांनी शवपेटी ठोकली होती. वर म्हाताऱ्याच्या बायकोला हलक्या आवाजात म्हणाले, "मादाम, लाकूड एकदम कोरेक हाय." कोरेक म्हणजे बिनदोष. मावशीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ती बाई रडता रडता फिसकन हसली, आणि पुढे ती कित्येकांना सांगायची की त्या दिवशी घरात खरं बोलणारा तोच एक माणूस आला होता.

क्वात्र बॉर्नच्या कापडबाजारात तर हे दोघं येताना दिसले की दुकानदारांना पोट धरून हसायची तयारी ठेवावी लागे. ओपार्लेरच्या तोंडावर लावायचं कापड आवाज अडवणारं नको. म्हणून मावसा ठाण उलगडून ते तोंडासमोर धरत आणि पलीकडे उभ्या असलेल्या रुक्मीशी कापडातून बोलत. "कसा येतो?" "घुसमटतो, बा!" की पुढचं ठाण. रंग, पोत, काठ यांच्याशी काही देणंघेणं नाही. एकदा त्यांनी सुरेख जांभळं झिरझिरीत कापड आणलं, आणि इतक्या वर्षांनी नवऱ्याला आपली आठवण झाली म्हणून मावशी हरखली. दुसऱ्या दिवशी ते बॉक्सवर खिळे मारून ताणलेलं तिनं पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला इतकं वाईट वाटलं की पहिल्या पगारातून मी तिला तसलंच कापड आणून दिलं. तेही पुढे ओपार्लेरच्या मोठ्या जोडीला लागलं.

आता हे सगळं कशासाठी, असं कुणीही विचारेल. इथली सेगा गाणी ऐकायला, हिंदी गाणी ऐकायला बाजारचा रेडिओ पुरे होता. मावसांना ऐकायची होती मराठी. रेडिओवर आठवड्यातून एकदा थोडा वेळ मराठी कार्यक्रम लागायचा, आणि त्यांच्याजवळ मुंबईहून कुणीतरी आणलेली कीर्तनाची एक तबकडी होती. मावसांचे आजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर आले. त्यांच्या तोंडची मराठी त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी तशीच जपली, तिच्यात क्रेओलही मिसळत गेली. ही आपली भाषा तिकडे समुद्रापलीकडे सगळे बोलतात, याचा मावसांना केवढा अभिमान! पण तबकडी लावली की त्यांना देवांची नावं कळत, 'आणि' कळे, 'पण' कळे, आणि मधलं सगळं निसटून जाई. आपलीच भाषा आपल्याला कळत नाही, हे कसं शक्य आहे? तेव्हा दोष यंत्राचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. "आवाज येतो, पण बोलना येत नाय," ते म्हणायचे. "ओपार्लेर पा बों." चांगला नाही. मग आदल्या महिन्यात केलेला बॉक्स खोलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

रुक्मी शाळेत मराठी शिकायला लागली, आणि पुस्तकातली मराठी तिला चांगली यायला लागली. अकरा-बारा वर्षांची असेल तेव्हा, भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "ताई, बॉक्सात काय खोट नाय. मना सगला कलतो. बाला ती भाषाच कलत नाय."

"मग सांग ना त्यांना."

"नाय सांगनार. तेला वाटंल, आपली मराठी खोटी हाय म्हणून."

एवढ्याशा पोरीनं केवढा भार उचलला होता! त्यानंतरही ती रोज खोपटात जाऊन, काही दोष नसलेला बॉक्स बापाबरोबर खोलत होती आणि फळी जाड हवी की पातळ यावर तितक्याच तावातावानं भांडत होती.

पुढे रुक्मी कॉलेजात असताना, माझ्या लग्नाच्या आधी, महाराष्ट्रातून एक विद्वान बाई भाषणासाठी आल्या. क्वात्र बॉर्नच्या एका हॉलमध्ये सगळी मराठी मंडळी जमणार होती, आणि लाऊडस्पीकर मावसांनी द्यायचं ठरलं. त्या दिवशी पाऊस धो धो. बसमध्ये रेनकोट घातलेले दोन बॉक्स सीटवर बसले होते, आणि हे दोघं चिंब भिजून त्यांना धरून उभे होते. बाईंचं भाषण फार सुंदर झालं असं शिकलेली मंडळी म्हणाली. मावसा मात्र सबंध वेळ घाम पुसत बटणं फिरवत होते, बॉक्स कधी भिंतीकडे तर कधी खिडकीकडे वळवत होते, आणि शेवटी तर एकाच्या खाली त्यांनी स्वतःची चप्पल सारली. नंतर आभार मानायला त्यांनाच उभं केलं. ते आपल्या मराठीत मनापासून बोलले. आजा बोटीतून कसा आला, आईनं भाषा कशी सोडली नाही, सगळं बोलले. आमच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई खाली आल्या आणि रुक्मीला अगदी अदबीनं म्हणाल्या, "तुमचे वडील फार आत्मीयतेने बोलले, पण लाऊडस्पीकर जरा अस्पष्ट होता, मला नीट समजलं नाही."

रुक्मीचा चेहरा पडला. मावसांचा असा उजळला की विचारू नका. "आयकलास? तिकडच्या बाईला पन नाय कलला! म्हंजे ओपार्लेरचाच दोष!" परत जाताना बसमध्ये ते नव्या बॉक्सची मापं बोटांनी हवेत काढत होते. मी हसून हसून बेजार झाले. रुक्मी खिडकीबाहेर बघत होती, आणि तिच्याकडे लक्ष गेलं तसं माझंही हसणं थांबलं.

शिक्षण संपवून रुक्मी मराठी शिकवायला लागली, आणि काही दिवसांनी रेडिओवरच्या त्याच मराठी कार्यक्रमात बोलायला तिला बोलावणं आलं. घरात दिवाळी झाली. तिला मात्र रात्रंदिवस एकच घोर. रेडिओवर पुस्तकी मराठीच बोलायला हवी होती. "ताई, इतके दिवस दुसरी माणसं बोलायची, तेव्हा बॉक्सावर ढकलता येत होतं. आता मीच बोलनार. माजाच बोलना बाला नाय कलला तर?" बाप आणि लेक यांच्यात समुद्र येणार होता, आणि तो तिलाच आणावा लागणार होता.

त्या सकाळी ती बसनं गेली. मी मुद्दाम क्वात्र बॉर्नहून आले होते. मावसांनी आंघोळ करून लग्नातला कोट घातला होता. आठवडाभर चुलीजवळ सुकवलेले ओपार्लेर खोलीच्या दोन कोपऱ्यांत मांडले होते. कार्यक्रम सुरू झाला आणि रुक्मीचा आवाज खोलीत आला. नमस्कार केला, मग सणाबद्दल, परंपरेबद्दल, संस्कृतीबद्दल ती बोलत राहिली; शुद्ध, स्वच्छ, एकही अडखळ नाही. मावशी पदर तोंडाला लावून रडत होती. मी मावसांकडे बघत होते. त्यांनी एकदाही बटणाला हात लावला नाही. डोळे मिटून ते ऐकत होते.

कार्यक्रम संपला. मावसांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "पोरीला सर्दी झाली हाय."

खरंच झाली होती. ती कुणाला कळू नये म्हणून रुक्मी सकाळपासून आमच्याशी मोजकंच बोलत होती. मला वाटलं त्यांनी खूश व्हावं, म्हणून मी म्हटलं, "बघा मावसा, किती छान झालाय बॉक्स! सर्दीसुद्धा कळते!"

"व्हय. बॉक्स कोरेक हाय," ते म्हणाले. जवळच्या ओपार्लेरवर त्यांनी हात ठेवला. "कधीचा कोरेक असंल." आणि मग अगदी हळू, मावशीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "आवाज माज्या रुक्मीचा. बोलना नाय कलला."

आयुष्यभर ज्याचा ध्यास घेतला ते यंत्र त्यांना अखेर साधलं होतं, आणि साधलं त्याच घटकेला त्यांचा शेवटचा आधार गेला होता. मी उठून रेडिओ बंद केला.

दुपारी रुक्मी आली. दारातूनच, छत्रीसुद्धा न मिटता, तिनं विचारलं, "बा, कलला?"

मावसा हसले. "सगला कलला गो. एकएक शब्द."

रुक्मी तिथेच उंबऱ्यावर बसली आणि ढसाढसा रडली. मावसा तिच्याशेजारी बसून तिचं ओलं डोकं टॉवेलनं पुसत राहिले.

त्यानंतर त्यांनी नवा बॉक्स केला नाही. खोपटात मावशीनं कोंबड्या पाळल्या आणि घरातल्या उशा पुन्हा फुगल्या. कुणी विचारलं तर मावसा म्हणत, "झाला आता, आयकू येतो." रुक्मीचा कार्यक्रम असला की ते कोट घालून ओपार्लेरसमोर बसत, पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत हलत नसत, आणि ती घरी आली की तिला म्हणत, आज फार चांगलं बोललीस. शेवटपर्यंत त्यांनी एकही कार्यक्रम चुकवला नाही. मावसांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला कळणारी भाषा बोलणारी पुष्कळ माणसं माझ्याभोवती आहेत, पण न कळणारं बोलणं इतक्या मायेनं ऐकणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.