खालच्या दोन ओळी

मी चिकट माणूस आहे. बायको हे चारचौघांत सांगते, आणि कॉलेजच्या फाटकासमोरचं माझं झेरॉक्सचं दुकान न विचारता सांगतं. दुकानात दोन मशिनं, एक बरं आणि एक जुनं. जुन्यावरचं कंपनीचं नाव कधीच खरवडून गेलेलं, आणि ते तापलं की पानाच्या तळच्या दोन ओळी खायचं. मेकॅनिकनं दुरुस्तीचा आकडा सांगितला, तेव्हा मी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कोण करील? पान बिघडलं की मूळ कागद दोन बोटं वर सरकवायचा आणि प्रत पुन्हा काढायची. बिघडलेलं पान टोपलीत.

ती कामाला आली तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. "कॉलेज सात ते अकरा. मग रात्री आठपर्यंत मी मोकळीच असते," म्हणाली. याला ती मोकळी म्हणत होती! वडील नव्हते. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची, धाकटा भाऊ शाळेत. आईच्या पगारात घर चालायचं आणि फी हिनं आपली आपण भरायची, असं मायलेकींचं ठरलेलं.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "काका, टोपलीतले कागद मी नेऊ का?"

"काय करणार?"

"वाचणार."

"ने, ने. रद्दीचे मी पैसे लावत नाही."

एवढं औदार्य मी आयुष्यात क्वचितच दाखवलं असेल. त्या दिवसापासून मी तिला रद्दीराणी म्हणायला लागलो. तीही काही कमी नव्हती. संध्याकाळी मी दुसरा दिवा लावला की म्हणायची, "काका, बरं वाटत नाहीये का? काकूंना बोलावू?"

कॉलेजात अर्थशास्त्राचे एक सर होते. त्यांनी कधीकाळी टाइप केलेल्या नोट्स दर वर्षी माझ्याकडे यायच्या, पोरं गठ्ठे घेऊन जायची, पाठ करायची आणि परीक्षेत ओकायची. सरही त्यालाच गुण द्यायचे. रद्दीराणीनं गठ्ठा कधीच घेतला नाही, कारण गठ्ठ्याचे पैसे म्हणजे फीतले पैसे. दिवसभर ती पुऱ्या प्रती काढायची आणि घरी जाताना तळ कापलेल्या प्रती न्यायची. 'अगं, एक गठ्ठा तुला घे,' एवढं मी एकदा म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. सुचलंच नाही, असं मी स्वतःला सांगत आलो, पण खरं तर सुचलं होतं.

गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरवर पानं पसरायची आणि खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं काहीबाही लिहायची. मला वाटायचं, मूळ कागदावरून उतरवते आहे. दोन वर्षं मला तसंच वाटत होतं.

तिसऱ्या वर्षाची फी एकदम वाढली. हिनं कितीही जमवलं तरी तोंडमिळवणी होईना. एकच वाट होती. दुसऱ्या वर्षाला सत्तर टक्के मिळाले तर कॉलेज पूर्ण फी माफ करायचं. नाहीतर धुलाईखान्यात आईच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि मुकादमानं ती हिच्यासाठी धरूनही ठेवली होती. सत्तर आले तर पदवी, नाहीतर चादरी.

सहाशेपैकी चारशे वीस हवे होते. आले चारशे सतरा.

तिनं फेरतपासणीसाठी अर्ज केला. उत्तर आलं ते भलतंच. सोमवारी अकरा वाजता अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकेबाबत खुलासा करण्यासाठी हजर राहावे.

"काका, मी कॉपी केली असं वाटतंय त्यांना," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

सोमवारी मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि तिच्याबरोबर निघालो. मुलगा झाला त्या दिवशीसुद्धा मी दुपारी दुकान उघडलं होतं, म्हणजे बघा. बाहेर उभी असलेली पोरं ओरडायला लागली, मी ढुंकूनही पाहिलं नाही.

खोलीत प्राचार्यबाई, हेडक्लार्कबाई आणि सर. सरांनी एका बाजूला उत्तरपत्रिका ठेवली आणि दुसऱ्या बाजूला आपल्या नोट्स.

"शब्द न् शब्द माझा आहे," सर म्हणाले. "पण शेवट आला की गाडी भलतीकडेच जाते. पुऱ्या नोट्स पाठ असत्या तर शेवटही आला असता. म्हणजे कापलेल्या चिठ्ठ्या होत्या जवळ. खरं ना?"

तिनं पिशवीतून आपला गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. "सर, माझी पानं इथंच संपतात."

"आणि हे पेन्सिलीचं?"

"ते माझं. विकायच्या प्रतीत फुकट डोकावणं पटेना, आणि वाक्य अर्धं राहिलं की मला चैन पडत नाही. मग विचार करून पुरं करायचे. परीक्षेतही तेच लिहिलं."

"ही पानं आणलीस कुठून?" हेडक्लार्कबाईंनी विचारलं.

आता माझी पाळी होती. मी उठलो. "माझ्या टोपलीतून, बाई. मीच दिली. मशीन ओळी खातं हे मला ठाऊक होतं. दुरुस्त केलं नाही, आणि हिला एक धड प्रत द्यायचीही बुद्धी झाली नाही. काय शिक्षा करायची ती मला करा."

"तुम्ही हिचे कोण?" प्राचार्यबाईंनी विचारलं.

कोण होतो मी? कामाला ठेवणारा. रद्दी फुकट देणारा.

"काका आहेत माझे," ती म्हणाली.

मी खाली बसलो.

सर तिची पानं उलटत होते. "हे चुकलंय. हे साफ चुकलंय. हे बरं आहे." मग एका पानावर थांबले. उत्तरपत्रिकेतलं तेच उत्तर शोधून काढलं. प्रश्न होता, गरीब माणूस बचत का करत नाही? पुढे सरांच्याच ओळी होत्या, पार 'याचे मुख्य कारण असे की' इथपर्यंत. तिथून तिचं सुरू होत होतं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं.

"याचे मुख्य कारण असे की प्रश्नच चुकला आहे. तो बचत करतो. वर्षभर साठवलेले एका दिवशी फीच्या खिडकीतून आत जाते, म्हणून पासबुकात कुणाला दिसत नाही."

कडेला लाल शाईत दहापैकी चार.

"हे चार मीच दिलेत," सर म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, चारावर काट मारली आणि आठ लिहिले.

"सर, असं आयत्या वेळी..." प्राचार्यबाई म्हणाल्या.

"फेरतपासणीचा अधिकार माझा आहे, मॅडम. सही करतो."

हेडक्लार्कबाईंनी बेरीज केली, मग खालून वर पुन्हा केली. "चारशे एकवीस. बसते माफीत," त्या अशा सुरात म्हणाल्या की जणू पैसे त्यांच्याच पर्समधून जाणार होते. मी रुमालात तोंड घालून रडलो. लाज कसली? रद्दीराणी मात्र खुर्चीच्या कडेला तशीच ताठ बसलेली.

"सर, एक विचारू? तिथं खरं काय होतं? वर्षभर डोक्यात घोळतंय."

सरांनी नोट्स तिच्याकडे सरकवल्या. तिनं तळच्या दोन ओळी वाचल्या. त्याला बचतीची सवय नसते व तिचे महत्त्वही पटलेले नसते.

"पटलं?" सरांनी विचारलं.

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "नाही, सर."

प्राचार्यबाई उगाच खोकल्या. सरांनी नोट्स स्वतःकडे ओढल्या, अठरा वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलेल्या त्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली आणि पेन कागदावर टेकवलं.

"सांग," ते म्हणाले. "जरा सावकाश सांग, मी लिहून घेतो."