बायकोला द्यायचं मत

दुबईत अल क्वोजच्या आमच्या गोदामात एक फिलिपिनो स्टोअरकीपर होता. त्याची बायको तिकडे प्रांताच्या विधिमंडळाला उभी होती. जेवणाच्या सुट्टीत तो टेबलावर नटबोल्ट मांडून मला समजावायचा, "हे मतदारसंघांतून निवडलेले. हे तिघे गावप्रमुखांच्या, नगरसेवकांच्या आणि तरुणांच्या संघांचे अध्यक्ष, ते पदामुळेच बसतात. हा उपगव्हर्नर सभा चालवतो." मग एक बोल्ट अंगठ्याने पुसून तो निवडलेल्यांत ठेवायचा. ती त्याची बायको.

त्या वर्षी परदेशातल्या फिलिपिनोंना पहिल्यांदाच मत देता येणार होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो वकिलातीत जाऊन आला.

"दिलंस मत?"

"राष्ट्राध्यक्षाला दिलं, सिनेटरांना दिलं. प्रांतासाठी इथून देता येत नाही म्हणाले."

पुढे ती थोडक्यात पडली. मी म्हटलं, "तुझ्या एका मताने काय झालं असतं?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "पण दोन्ही बाळंतपणं तिने एकटीने काढली. माझ्या आईला मातीही तिनेच दिली. या वेळी तरी मी तिच्या बाजूला असेन, असं वाटलं होतं."

माझीही बायको तेव्हा गुहागरला एकटीच होती.