वर्तमानपत्रातल्या मामी

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही चेन्नईजवळ तांबरमला आलो. समोरच्या घरात तंजावरकडच्या एक मराठी मामी राहतात. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली. सुरुवातीला मला निम्मी अंदाजानेच समजायची.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातलं तळं बुजवायला डंपर येऊ लागले आणि बायका रस्त्यावर बसल्या. मामी पहिल्या रांगेत. मी चित्रं काढते, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन गेले. दुपारभर घोषणा, गप्पा, ताक. मग एकदम रेटारेटी झाली, लोखंडी अडथळा आडवा झाला, गर्दीतून कुणीतरी बाटली भिरकावली आणि ती एका पोलीस शिपायाच्या खांद्यावर बसली. थोड्या वेळात सगळं निवळलंही.

दुसऱ्या दिवशी पेपरात मामींचा मोठा फोटो! हात उगारलेला, तोंड उघडं, मागे धूर. वर मथळा, आंदोलन पेटलं. तंजावरहून त्यांच्या भावाचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला, "अक्का, तू दगड मारलेस?"

"अगं, मी तुलाच हाक मारत होते," मामी मला म्हणाल्या. "उन्हात काय उभी राहिलीस, छत्रीखाली ये म्हणून!" धूर तर कोपऱ्यावरच्या भजीच्या गाडीचा. मी त्या गाडीला टेकूनच उभी होते.

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण भावाची समजूत काढताना त्या पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, तेही मी ऐकलं.

मी मोठा कॅनव्हास ताणला. मधोमध पेपरातला तो फोटो चिकटवला आणि त्याच्या चारी बाजूंनी कॅमेऱ्याने सोडून दिलेलं रंगवत गेले. भजीची गाडी, एका छत्रीत दाटलेल्या तिघी, ताक पिणारा शिपाई. मामी रोज फिल्टर कॉफी घेऊन बघायला यायच्या.

एक दिवस म्हणाल्या, "बाटली कुठंय?"

"ती नको वाटली मामी. सगळे पुन्हा तेवढंच बघतील."

"ते झालं होतं ना? मग काढ. नाहीतर तुझ्यात आणि पेपरवाल्यांत फरक काय?"

मला राग आला. दोन दिवस ब्रशला हात लावला नाही. मग बाटली रंगवली, खांदा धरलेला शिपाईही रंगवला. आणि गंमत म्हणजे चित्र त्यानंतरच जमून आलं.

जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये ते लावलं. तळ्याचं काम तोवर कोर्टाने तात्पुरतं थांबवलं होतं, त्यामुळे सगळेच खुशीत होते. मामींचा भाऊ तंजावरहून मुद्दाम आला. बराच वेळ चित्रासमोर उभा राहिला आणि मग त्याने बहिणीला विचारलं, "ही भजी चांगली मिळतात का इथे?"

मामी त्याला लगेच घेऊन गेल्या. जाताना मला ओरडून म्हणाल्या, "तुझ्यासाठी मिरचीची आणते!"