माळावरच्या पळसाच्या पत्रावळी

माझ्या ताईच्या लग्नात आईचा अपमान झाला, तो पानाच्या आकारावरून. पन्नासच्या दशकातली गोष्ट, बदलापूर गावच होतं तेव्हाची. राग मात्र अजून ताजा आहे. मी तो मुरंब्यासारखा जपून ठेवलाय.

लग्न मार्गशीर्षात होतं. पत्रावळी आईने आणि मी घरीच लावल्या. पानं आणली बेलवलीमागच्या माळावरून. तिथे पळसाच्या डोक्यावर दिवसभर ऊन आणि मुळाखाली कातळ. पान लहान येतं, पण चामड्यासारखं जाड. फांदीवर कोयता मारला तर कोयताच उडतो. तोच पळस ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढला की त्याचं पान सुपाएवढं होतं आणि फांदी काकडीसारखी कापली जाते. सावलीत ऊन गोळा करायचं तर पानाला पसरावं लागतं, आणि पसरलेलं पान पातळ होतं.

आठवडाभर आधी मुलाचे काका आले. अंबरनाथच्या कारखान्यात साहेब, त्यामुळे दिसेल ते तपासायची सवय. त्यांनी पत्रावळ चिमटीत उचलली.

"विहीणबाई, मांजराच्या पंगतीसाठी का ही?"

"लहान आहे, पण गळणार नाही," आई म्हणाली.

"पानावरून घर कळतं. हात आखडता दिसतोय."

बाबांनी लगेच हात जोडले. मुलीचा बाप म्हणून त्या महिन्यात ते इतके नमले होते, की धार काढण्याआधी म्हशीलाही हात जोडतील असं मला वाटे. ओढ्याकाठची पानं आली, आणि आईने आणि मी पत्रावळी पुन्हा नव्याने लावल्या. आमच्या आधीच्या पत्रावळी कोठीत गेल्या. मी उलट बोलले आणि धपाटा खाल्ला.

लग्नाच्या दिवशी पहिली पंगत बसली. परातीएवढी हिरवीगार पानं, काकांच्या अंगावर रेशमी पीतांबर. आमटी कढत होती. वाढपी पुढे सरकतोय तोवर पान मऊ पडून फाटलं, आणि ओघळ थेट पीतांबरात.

एवढ्यावर मी सगळं माफ केलं असतं. पण काका भर पंगतीत कडाडले, "पत्रावळ लावायचं वळण नाही या घराला. मुलीला तरी काय शिकवलं असेल?"

पान निवडणारे हे, आणि दोष आमच्या टाक्यांना! मी वाकून पाहिलं. टाका एकही सुटला नव्हता. बाबांचे हात मात्र पुन्हा जवळ येऊ लागले होते, आणि ताईची मान खाली गेली होती.

आई कोठीतून गठ्ठा घेऊन आली. तिने सगळ्या पंगतीला माळावरच्या पत्रावळी बदलून दिल्या. काकांपाशी ती शेवटी आली.

"मुलीला पान ओळखायला शिकवलंय, भाऊसाहेब. तिला विचारलं असतंत तर तिने सांगितलं असतं. आता तुम्हाला किती मांडू? लहान आहेत, दोन लागतील."

पंगतीत कोणीतरी खुसकन हसलं. बहुतेक नवरामुलगाच.

"एक पुरे," काका म्हणाले.

त्या एकीवर त्यांनी तीनदा आमटी घेतली. आईने स्वतः वाढली, अगदी काठोकाठ. बाबा हात खाली सोडून नुसते बघत उभे होते.