द्यौ, चोय आणि आमचा दादा

केदारचा फोन आला तेव्हा मी जपानमधल्या, इचिकावातल्या घरी प्लास्टिकचा कचरा वेगळा करत होते. "आत्या, बाबा गेले..." आणि खरं सांगते, दुसऱ्याच क्षणी संताप आला. आमचं भांडण अर्धवट टाकून माझा मोठा भाऊ निघून गेला होता!

भांडण एका व्हिएतनामी उद्गारावरून होतं. केदारची बायको लान व्हिएतनामची. दोघांचं नागोयाच्या ऑफिसात जमलं. दादा लग्नाला आला नाही, पुण्यात फुरंगटून बसला. वहिनी गेल्यावर मात्र त्याला एकटं राहवेना, तेव्हा मुलाकडे, टोकियोतल्या फुनाबोरीला आला. पहिल्याच सकाळी दूध उतू गेलं आणि लान ओरडली, "चोय ओय!" दादाने अर्थ विचारला. चोय म्हणजे आकाश, ओय ही हाक. आपण 'अरे देवा' म्हणतो तसंच. झालं! जन्मभर बँकेत काढलेल्या या गृहस्थाला हौस संस्कृतची. "द्यौ!" तो गरजला. "द्यौ म्हणजे आकाश. द्यौचंच झालं चोय. आपलाच शब्द आहे हा, सूनबाई."

त्यानंतर त्याने मला नुसतं छळलं. मी इथल्या भारतीय कुटुंबांना जपानी शिकवते. शब्दांच्या बाबतीत मला थापा सहन होत नाहीत. मी जुने संदर्भ धुंडाळले. पूर्वी तो शब्द 'ब्लोय' असा काहीसा होता.

"दादा, मग हा 'ब' कुठून आला?"

"अगं, उच्चारदोष!"

"आणि 'ल'?"

"तोही!"

वर पुण्यातल्या मित्रांना फोन करकरून सांगायचा, आमची सून उठता-बसता द्यौला हाक मारते! पोरीची भाषा तिला न विचारता हा आपल्या खिशात घालतोय, तिला काय वाटत असेल, या विचाराने माझा जीव नुसता चडफडायचा...

गेल्या आठवड्यात फुनाबोरीला गेले. दादाची खुर्ची अजूनही स्वयंपाकघराच्या ऐन दारात, आणि लान गरम पातेलं घेऊन तिरकी होऊन जातेय. मी खुर्ची उचलायला गेले तर म्हणाली, "आत्या, राहू दे ना." शेवटी मी विषय काढलाच. दादाचं ते द्यौ-बियौ सगळं चूक होतं, हे तुला माहीत तरी आहे का?

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. तिचे वडील शाळेत भाषाच शिकवतात. तिने त्यांना लगेच विचारलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा लग्नाला नाही आले. फोनवर केदारला म्हणायचे, 'ती' घरात आहे का... त्या दिवशी पहिल्यांदा मला सूनबाई म्हणाले. मी केदारला अर्थ विचारला. मग मी कशाला नाही म्हणू?"

खुर्ची तिथेच आहे. परत निघताना मी त्या खुर्चीला अडखळले, दादावर पुन्हा चिडले, आणि मग तिच्यातच बसून रडले.