आरतीच्या कॅसेटमधलं व्हायोलिन

रोज सकाळी चहा झाला की बाबा म्हणतात, "लाव ना ते व्हायोलिन."

सडक अर्जुनीला आमचं किराण्याचं दुकान. गल्ल्यावर बसून बाबांनी आयुष्यात एकच शौक केला. नागपूरला एका ओळखीच्या डॉक्टरांकडे एका मोठ्या व्हायोलिनवादकाच्या अगदी विशी-बाविशीत वाजवलेल्या तबकड्या होत्या. बाबा टेपरेकॉर्डर घेऊन एसटीने गेले, तो ग्रामोफोनसमोर ठेवला आणि सगळं भरून आणलं. कोरी कॅसेट कशाला विकत घ्या, म्हणून घरातलीच आरतीची घेतली. पुसून भरता यावी म्हणून तिच्या कोपऱ्यातल्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला, वरची चिठ्ठी मात्र आरतीचीच राहू दिली. त्यातून भरताना सेल उतरलेले, फीत हळू फिरलेली. म्हणून आमच्या कॅसेटमध्ये तो वादक जरा जास्तच चपळ आणि चढ्या सुरात वाजायचा.

मागच्या हंगामात केशोरी गावचा चुलतभाऊ आला. "भाऊ, जुन्या कॅसेटा असन तं दे. पाखरं धान खाऊन राहिले." धान भरत आलं की आमच्याकडे बांध्यांवर, म्हणजे धानाच्या शेतांवर, कॅसेटच्या फिती ताणतात. वाऱ्याने त्या चमकतात, भणभणतात, पाखरं बिचकतात. मी माळ्यावरचा खोका काढला. सिनेमाची गाणी स्वतःला ठेवली आणि आरत्या तेवढ्या देऊन टाकल्या. असा मी धार्मिक माणूस.

बाबा तेव्हा नागपूरला दवाखान्यात होते. घरी आले ते निम्मं जग विसरून. कॅसेट तेवढी आठवत होती, वरच्या आरतीच्या चिठ्ठीसकट. खोक्यात ती नाही हे पाहिलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

तसाच केशोरीला गेलो. धान कापून झालं होतं आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फितींचा गुंता पडला होता. चुलतभाऊ म्हणाला, "आरतीचीच तं होती. मले का माहीत?" माहीत तर मलाही नव्हतं. चिखलाने कडक झालेली दोन मुठी फीत गोंदियाच्या टेप दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने हातही लावला नाही. "इसमें अब कुछ नहीं बचा, भैया."

मग तेच वादन मोबाइलवर सापडलं, खरखर काढून स्वच्छ केलेलं. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं. "हा तं म्हातारा वाजवून राहिला. आपला पोरगा होता." मी वेग वाढवून पाहिला. सूर होता तिथेच राहिला, नुसती घाई झाली.

शेवटी एकदा खरं सांगून टाकलं. बाबांनी विचारलं,

"पाखरं बसली काय धानावर?"

"नाही."

"मंग बरं झालं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्यांचे खांदे हलत होते. मी उशाशी उभा होतो.

दुसऱ्या सकाळी ते सगळं विसरले होते. चहा झाला. "लाव ना ते व्हायोलिन."

ते खांदे रोज पाहण्याची ताकद माझ्यात नाही. म्हणून आता मी सांगतो, "लाईन गेली, बाबा." डोक्यावर पंखा फिरत असतो. बाबा पंख्याकडे पाहतात, मग माझ्याकडे पाहतात, आणि "बरं" म्हणतात.